शिडाच्या बोटीवर वर्षानुवर्षे फिरणारे निरुपयोगी सामान

दर्याकिनारी | ९ मार्च, सकाळी ८:१०

नमस्कार. गेल्या पंधरवड्यात आम्ही आमची ३८ फुटी शिडाची बोट न्यूझीलंडमधील व्हांगारेई येथे पाण्याबाहेर काढली. तळाला नवा रंग द्यायचा होता आणि मे महिन्यात पुन्हा टोंगा-फिजीच्या दिशेने निघण्यापूर्वी बरीच डागडुजीही करायची होती. बोट उचलली जात असतानाच एक गोष्ट डोळ्यांत भरली. तळाचा शेवाळरोधक रंग जिथे संपतो त्याच्याही वर दोन बोटे रुंदीची हिरवी झालर धरली होती. बांधणाऱ्याने आखलेल्या रेषेपेक्षा बोट इतकी खाली बसून तीन मोसम चालत होती आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून आम्ही ती आतून पूर्ण रिकामी करायचे ठरवले. शिडे, नांगर, साखळी आणि सुरक्षिततेची साधने वगळता प्रत्येक वस्तू बाहेर काढली, लटकवायच्या काट्याला अडकवून तिचे वजन केले आणि वहीत वस्तूचे नाव, वजन व ती शेवटची कधी वापरली ते लिहिले. एकूण ६१४ किलो भरले. त्यांपैकी ३७० किलो सामान असे निघाले, की खालची दुसरी वस्तू काढण्यासाठी ते उचलून बाजूला ठेवण्यापलीकडे तीन मोसमांत त्याला आमचा हात लागला नव्हता.

वजनाचा हिशेब सोपा आहे. आमच्या बोटीचे पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस मीटर आहे. ती एक सेंटिमीटर खाली गेली की ०.१९ घनमीटर पाणी बाजूला सारते आणि समुद्राचे पाणी घनमीटरला १,०२५ किलो धरले तर त्याचे वजन १९५ किलोच्या आसपास येते. म्हणजे ज्या सामानाला आम्ही हातही लावला नाही त्याने आमची बोट जवळजवळ दोन सेंटिमीटर बुडवून ठेवली होती.

आता त्या वहीतली काही पाने. पहिला क्रमांक विजेच्या किटलीचा आणि ब्रेड भाजण्याच्या यंत्राचा. दोन्ही वस्तू ऑकलंडच्या घरातून जशाच्या तशा आणल्या होत्या. २,००० वॉटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची तर १६५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, शिवाय इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज वेगळीच. चार कप चहासाठी बॅटरी इतकी दमवायची आणि मग ती भरण्यासाठी इंजिन लावायचे, हे पहिल्याच आठवड्यात नकोसे झाले. गॅसवर आधण ठेवणे सोपे होते. तरीही किटली तीन वर्षे लॉकरमध्ये राहिली, कारण ती चांगली होती, महाग होती आणि ‘कधीतरी लागेल’ असे आम्ही एकमेकांना सांगत होतो.

घडीच्या दोन सायकली, प्रत्येकी १३ किलो. बंदरात उतरल्यावर बाजारहाटाला उपयोगी पडतील या कल्पनेने घेतल्या होत्या. त्या फक्त दोनदा चालवल्या. त्यांच्या साखळ्या गंजल्या, ब्रेकच्या तारा घट्ट बसल्या आणि छोट्या रबरी होडीतून सायकल किनाऱ्यावर नेताना होडीची हवाबंद नळी फाटेल की काय या भीतीने जीव मुठीत धरावा लागे. फिजीत रस्त्याकडेला उभे राहिले की बस मिळते.

सर्वांत जास्त खंत मला धान्याची आणि मसाल्यांची वाटते. पहिल्या वर्षी निघताना मी डाळी, कडधान्ये, तांदूळ, कणीक आणि मसाले मिळून ५५ किलो सामान भरले होते. आपल्या चवीचे पुढे काही मिळणार नाही असे मी धरून चालले होते. वास्तविक फिजीमध्ये भारतीय वंशाच्या लोकांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सावुसावूच्या आणि लाउटोकाच्या बाजारात तूरडाळ, हळद, जिरे, कढीपत्ता, मिरच्या सगळे ताजे मिळते आणि विकणाऱ्या बाईंशी हिंदीत बोलताही येते. ही माहिती मला होती, परंतु भरताना ती आठवली नाही, कारण सामान भरणारा हात भीतीच्या आज्ञेत असतो. त्यातून परतीच्या वाटेवर न्यूझीलंडचे जैवसुरक्षेचे नियम आडवे येतात. मध, अंडी, मांस, ताजी फळे-भाज्या आणि उगवू शकणारी कडधान्ये आत आणता येत नाहीत. म्हणून न्यूझीलंडमधल्या ओपुआ बंदराला पोहोचण्यापूर्वीचे चार दिवस आम्ही मूग आणि मटकी संपवण्यात घालवले.

आमच्याकडे आणखी एक कोडे आहे. गेले दोन मोसम बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, दररोज अंदाजे लिटरभर खारे पाणी साठते. प्रोपेलरच्या दांड्याचे सील बदलून झाले, पाणी थांबले नाही. ते वेगळ्या धाग्यात विचारीनच.

तुमच्या बोटीवरून तुम्ही काय उतरवले, काय उतरवून पस्तावलात, आणि काय अजूनही उतरवायचा धीर होत नाही, हे कृपया सविस्तर लिहावे.

---

गलबत | ९ मार्च, दुपारी १:३५

ताई, वही ठेवण्याची कल्पना फार आवडली. माझी बोट लहान आहे, २६ फुटी, आणि माझे फिरणे मुंबई ते गोवा या सव्वादोनशे सागरी मैलांच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते मे याच काळात होते. तरीही मी बोट घेतली तेव्हा परदेशी याद्या वाचून सामान भरले होते आणि त्यातले निम्मे कोकण किनाऱ्याला लागूच पडत नाही.

उदाहरणार्थ, किनाऱ्यावरची वीज घेण्याची २५ मीटर लांबीची जाड केबल. जयगड, विजयदुर्ग, देवगड येथे मी नांगर टाकून राहतो, त्यामुळे ती केबल आठ वर्षांत एकदाही उलगडली नाही. दुसरे म्हणजे पांढरेशुभ्र, हवा भरलेले चार फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून कडेला लावायच्या उशा. मच्छीमारांच्या धक्क्याला एखाद्या ट्रॉलरच्या अंगाला बोट बांधावी लागते तेव्हा ते एका भरतीत फाटतात. तिथे कापडात गुंडाळलेला जुना टायर लागतो. तिसरे म्हणजे फुग्यासारखे मोठे रंगीत शीड. दुपारचा खारा वारा वायव्येकडून भरात येतो तेव्हा दक्षिणेला जाताना ते शीड कागदावर अगदी योग्य दिसते. पण मी बहुधा एकटा असतो आणि एकट्याने ते चढवून पुन्हा सुखरूप उतरवणे माझ्या आवाक्यातले नाही, हे मान्य करायला मला पाच वर्षे लागली. ते शीड आता माझ्या मित्राकडे आहे आणि त्याच्या बोटीवर चार माणसे असल्यामुळे ते नियमित फुगते.

याउलट, कोणत्याही यादीत नसलेली पण मला सर्वांत जास्त लागणारी वस्तू म्हणजे लांब काठीला घट्ट बांधलेला करवतीसारखा कोयता. रात्री जाळ्याचा दोर प्रोपेलरमध्ये किंवा सुकाणूत अडकला तर वाकून कापायला दुसरे साधन नाही. अर्थात, जाळे ही कुणाची तरी रोजीरोटी असते. आधी दोर सोडवून पाहावा, कापणे हा अगदी शेवटचा उपाय.

---

देवगडकर | ९ मार्च, रात्री ९:५०

आमचे घर मासेमारीचे. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. त्यामुळे थोडा वेगळा मुद्दा मांडतो.

वडिलांच्या होडीवर दुसरा नांगर कायम असे, त्याचा दोर व्यवस्थित वेटोळे करून ठेवलेला असे. मी लहान असल्यापासून मोठा होईपर्यंत तो नांगर एकदाही पाण्यात गेल्याचे मी पाहिले नाही. दर्याकिनारी ताईंच्या वहीत त्याच्यापुढे ‘कधीच नाही’ असे लिहावे लागले असते. पण दर पंधरा दिवसांनी वडील तो दोर सोडायला लावत, उन्हात वाळवायला लावत आणि पुन्हा वेटोळे करायला लावत. सांगायचे एवढेच, की वस्तू वापरली गेली नाही यावरून ती निरुपयोगी ठरत नाही. तिची आठवण कुणीच ठेवत नसेल तर मात्र ती तशी ठरते.

आमच्याकडे दुसरा नियम असा, की जी वस्तू अंधारात, डोळे मिटून, हात घातल्याबरोबर सापडत नाही ती होडीवर नाही असेच समजावे.

---

शिंपला | १० मार्च, सकाळी १०:२०

मी आणि माझे पती गोव्यात एक जुनी ३२ फुटी बोट घेण्याच्या विचारात आहोत, म्हणून हा धागा जपून वाचते आहे. देवगडकर दादांच्या म्हणण्यावरून एक प्रश्न पडला. बोट बुडाल्यास उतरायचा फुगणारा तराफा म्हणजे लाइफराफ्ट, वादळात बोटीची गती रोखण्यासाठी मागे सोडायचा ड्रोग, संकटसंदेश देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन या वस्तू महाग असतात, जागाही व्यापतात आणि बहुतेक लोक त्या आयुष्यभर न वापरता विकून टाकतात. आम्ही फक्त किनाऱ्यालगत फिरणार असू तर त्यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे? आणखी एक, पुस्तके किती न्यावीत? आमच्या घरी दोघांचेही वाचन मोठे आहे आणि या एका मुद्द्यावर आमचे एकमत होत नाही.

---

ध्रुवतारा | १० मार्च, सायंकाळी ६:१५

मी व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होतो. निवृत्तीनंतर सहा उन्हाळे भूमध्य समुद्रात, मुख्यतः ग्रीसच्या बेटांमध्ये, स्वतःच्या ३६ फुटी बोटीवर काढले. या विषयावर मनापासून लिहावेसे वाटते, कारण सुटे भाग या नावाखाली सर्वांत जास्त निरुपयोगी लोखंड माझ्याच बोटीवर होते.

आधी वजनाबद्दल. दर्याकिनारी ताईंचा हिशेब बरोबर आहे, परंतु दोन सेंटिमीटर खाली बसल्याने बोटीचा वेग फारसा कमी होत नाही. खरे नुकसान ते वजन कुठे आहे यावर ठरते. बोट लाटेवर पुढे-मागे डुलते तेव्हा टोकाला ठेवलेल्या वस्तूचा प्रभाव तिच्या मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून पाच मीटरवर, म्हणजे अगदी नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकाला), ठेवलेले ४० किलो सामान आणि मध्यापासून दोन मीटरवर ठेवलेले २५० किलो सामान बोटीला सारखेच जड जाते. नाळेतला त्रिकोणी बंक, म्हणजे झोपण्याची जागा, हा बहुतेकांच्या बोटीवर माळा बनतो. सायकली, जादा शिडे, दोरखंड, पोहण्याचे साहित्य सगळे तिथे कोंबले जाते आणि मग समोरून येणाऱ्या लाटेत नाळ वर न उचलता सरळ आत घुसते. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे साठ मीटर साखळीचे सुमारे १३५ किलो तिथे आधीच असतात आणि ते टाळता येत नाहीत. त्यात आणखी भर घालू नये.

आता सुट्या भागांची गोष्ट. माझ्याकडे जादा स्टार्टर मोटर होती. चांगली आठ किलोची, मूळ कंपनीची. ती मी बिल्जच्या कडेला, प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत ठेवली होती. पाचव्या उन्हाळ्यात एका लहान बेटावर जुनी मोटर गेली, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने ती पिशवी काढली. आत गंजाचा गोळा होता, दांडा फिरतही नव्हता. आठ किलो वजन मी पाच वर्षे वाहिले आणि गरजेच्या दिवशी ती वस्तू माझ्याकडे नव्हती. जुन्या मोटरचे ब्रश घासून झिजले होते, एवढाच तिचा दोष होता. मुठीत मावणारे नवे ब्रश मी जवळ ठेवले असते तर अर्ध्या तासाचे काम होते.

तेव्हापासून मी जादा यंत्र न बाळगता त्याची झिजणारी अंगे बाळगतो. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाचा इम्पेलर (आतले फिरते चाक), त्याचे गॅस्केट आणि तो ओढून काढण्याचे साधन हे तिन्ही एकाच हवाबंद डब्यात असतात, कारण तिघांपैकी एक नसेल तर उरलेले दोन व्यर्थ आहेत. नवा भाग आणला की तो मी लगेच इंजिनला बसवतो आणि उतरवलेला, चालू स्थितीतला भाग डब्यात ठेवतो. त्यामुळे डब्यातला भाग बसतो की नाही ही शंका राहत नाही. दुकानदाराने चुकीच्या मापाचा भाग दिला आणि ते भर समुद्रात कळले, असे माझ्या ओळखीत तिघांच्या बाबतीत घडले आहे.

तयार वस्तूपेक्षा कच्चा माल अधिक कामाला येतो, असेही माझे मत झाले आहे. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधली गेली होती. गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फॉलमथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी ते एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. सुरुवातीच्या टप्प्यातच बोटीच्या तळाच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी पाण्यात बुडी मारून त्या फटीवर कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि वर तांब्याच्या पत्र्याची पट्टी बसवली. कॅनव्हासचा तुकडा, थोडे खिळे, पत्रा या वस्तू कुठल्याही यादीत एखाद्या विशिष्ट कामासाठी लिहिता आल्या नसत्या.

त्याच शर्यतीत फ्रान्सचे बर्नार मॉइतेसिए यांनी निघण्यापूर्वी आपल्या ‘जोशुआ’वरून इंजिन, छोटी होडी, जादा नांगर आणि साखळीचा मोठा भाग उतरवून ठेवला होता. थेट दक्षिण महासागराकडे, कुठेही न थांबता जायचे असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने ते सगळे ओझे होते. बेटाबेटांवर नांगर टाकत फिरणाऱ्याने त्यांचे अनुकरण केले तर तो पहिल्याच वादळी रात्री संकटात सापडेल. म्हणून दुसऱ्याची यादी वाचताना तो कुठे निघाला होता हे आधी पाहावे.

शिंपला ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. बीकन अवश्य घ्या. तो तळहाताएवढा असतो आणि त्याला पर्याय नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत कमांडर अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली आणि पाठीच्या दुखापतीमुळे त्यांना हलताही येईना, तेव्हा उपग्रहामार्फत संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रानेच त्यांचा जगाशी धागा टिकून राहिला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. अशा वस्तूंची उपयुक्तता वापराच्या संख्येवर मोजता येत नाही. लाइफराफ्टबाबत मात्र मी सावध करीन. ठरलेल्या मुदतीत तिची तपासणी करून घेण्याची तुमची तयारी आणि ऐपत असेल तरच घ्या. तपासणीची मुदत कधीच उलटून गेलेली, डेकवर उन्हात पडलेली राफ्ट मी अनेक बोटींवर पाहिली आहे. ती उघडेल असे मालकाला वाटत असते, आणि त्या वाटण्यामुळे तो इतर काळजी कमी घेतो. माझ्या मते बोटीवरची सर्वांत धोकादायक निरुपयोगी वस्तू तीच.

---

आंबोळी | ११ मार्च, सकाळी ७:०५

आम्ही पाच वर्षे कॅरिबियनच्या पूर्वेकडील बेटांमध्ये बोटीवर राहिलो. हरिकेनचे महिने, म्हणजे जून ते नोव्हेंबर, आम्ही त्रिनिदादला काढत असू. दर्याकिनारी ताईंचा फिजीचा अनुभव वाचून मन भरून आले, कारण त्रिनिदादला आमचे शब्दशः तेच झाले होते. तिथेही भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. डाळ, रोटी, जिरे, मेथी, कारली सगळे मिळते. मी मात्र पहिल्या वर्षी भारतातून आणलेला मसाला दमट हवेत ढेकळे होईपर्यंत जपत बसले होते.

स्वयंपाकाच्या सामानाबद्दल मला थोडे सांगायचे आहे, कारण या बाबतीत परदेशी लोकांच्या याद्या आपल्याला पुरेशा पडत नाहीत.

मिक्सर उतरवा. चटणीसाठी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे लागणाऱ्या यंत्रासाठी चार किलो आणि एक कपाट देणे परवडत नाही. मी पितळी खलबत्ता ठेवला होता. तो जड होता हे खरे, पण तो रोज लागत असे, त्याला वीज लागत नसे आणि गंज चढत नसे. फक्त चालत्या बोटीवर तो कधीही मोकळा ठेवू नये. एकदा जोराच्या लाटेत बत्ता ओट्यावरून उडून जमिनीच्या फळीवर पडला आणि फळीला खोल खड्डा पडला. तिथे माणसाचा पाय असता तर हाड मोडले असते. बिडाचा तवा मला फार प्रिय होता, पण त्याला दर दोन दिवसांनी तेल लावूनही गंज धरत असे, म्हणून शेवटी तो घरी परत पाठवला.

प्रेशर कुकर मात्र दोन ठेवले तरी चालतील, इतके माझे त्याच्याबाबत ठाम मत आहे. झाकण बंद असल्यामुळे बोट कितीही कलली तरी उकळते पाणी अंगावर सांडत नाही, गॅस निम्म्याहून कमी लागतो आणि शिजवलेली खिचडी त्याच भांड्यात रात्रपाळीच्या माणसासाठी गरम राहते. पोळपाटाच्या बाबतीत लोक हार मानतात, कारण तो घसरतो. पाय असलेला गोल पोळपाट बोटीवर खरोखरच कामाचा नाही. त्याऐवजी जेवणाच्या टेबलावर रबरी जाळीची चटई घालून तिच्यावर सपाट पाट ठेवला की पोळ्या लाटता येतात. लाटणे ठेवायला मात्र खाच करून घ्यावी.

पुठ्ठ्याचे एकही खोके बोटीवर चढू देऊ नये. त्याच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी येतात आणि एकदा झुरळे झाली की महिनोन्‌महिने जात नाहीत. आम्ही धान्य धक्क्यावरच डब्यांत ओतून घेत असू. टिनच्या डब्यांवरचे कागद बिल्जच्या ओलीत सुटून पंपात जाऊन बसतात, म्हणून तेही आधीच काढून झाकणावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहावे. हे न केल्यामुळे आम्हाला एका रात्री वाटाण्याऐवजी अननसाचे तीन डबे उघडावे लागले होते.

शिंपला ताई, पुस्तकांसाठी भांडू नका. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’वरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला गेले तेव्हा दुरुस्तीला १५ डॉलर पडतात म्हणून त्यांनी आपले क्रोनोमीटर (जहाजावरचे अचूक घड्याळ) मागे ठेवले आणि एक डॉलरचे पत्र्याचे घड्याळ नेले, पण पुस्तके भरपूर नेली. दोघांना मिळून एक फळी ठरवून घ्या आणि नवे पुस्तक आले की एक जुने पुढच्या बोटीला द्या.

---

दर्याकिनारी | ११ मार्च, रात्री १०:४०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ध्रुवतारा काकांचा अंतराच्या वर्गाचा हिशेब वाचून आम्ही दोघे पुन्हा वही घेऊन बसलो आणि प्रत्येक वस्तूपुढे ती बोटीवर कुठे होती हेही लिहिले. काकांनी लिहिल्याप्रमाणेच चित्र निघाले. ३७० किलोंपैकी १४० किलो सामान एकट्या नाळेतल्या बंकखाली होते.

देवगडकर दादांचा नियम आम्ही प्रत्यक्ष करून पाहिला. दिवे बंद करून मी नवऱ्याला लाकडी गुट्ट्या आणायला सांगितले. बोटीच्या अंगातून जाणारी पाण्याची नळी तुटली तर भोकात ठोकण्यासाठी त्या असतात. त्याला चार मिनिटे लागली, कारण गुट्ट्यांच्या डब्यावर हत्यारांची तिसरी पेटी होती. तीन पेट्यांमध्ये मिळून आमच्याकडे १३ मिलिमीटरचे पाच पाने निघाले. आता एकच पेटी राहील आणि प्रत्येक गुट्टी तिच्या-तिच्या नळाला दोरीने बांधलेली असेल.

एका वस्तूबाबत मात्र आमच्यात मतभेद आहे. माझे शिवणयंत्र १९ किलोचे आहे. तीन मोसमांत ते चार वेळा वापरले: दोनदा शिडाची शिवण, एकदा कॉकपिटवरचे छत, एकदा फाटलेली गादी. नवऱ्याचे म्हणणे असे, की हे सगळे जाड सुई, मेणलावा दोरा आणि शिडाला चिकटवायची पट्टी यांनी हाताने भागले असते.

---

गलबत | १२ मार्च, सकाळी ९:१५

यंत्र ठेवा, ताई. छोट्या बेटावर शीड शिवून देणारा कारागीर मिळत नाही आणि उन्हाने कुजलेली शिवण हाताने आठ मीटर शिवणे म्हणजे तीन दिवस बोटांना फोड. ते नाळेतून काढून डोलकाठीच्या बुडाशी, जमिनीलगत बांधा, म्हणजे काकांच्या हिशेबातही ते बसेल.

---

ध्रुवतारा | १२ मार्च, दुपारी १२:३०

गलबत यांच्याशी सहमत आहे. चार वेळा वापरले आणि चारही वेळा काम पूर्ण झाले, अशी नोंद माझ्या बोटीवरच्या फार थोड्या वस्तूंना मिळाली असती. फक्त सुया तेलकट कापडात ठेवा.

---

दर्याकिनारी | २९ मार्च, सायंकाळी ७:२०

बोट काल पाण्यात उतरली, म्हणून शेवटचे कळवते. शिवणयंत्र परत चढले आणि डोलकाठीच्या बुडाशी पट्ट्याने बांधले. सायकली यार्डातल्याच एका तरुण जोडप्याने नेल्या. ते किनाऱ्यावर राहतात. किटली, ब्रेडचे यंत्र, मिक्सर आणि दोन बॅगा कपडे ऑकलंडला गेले. यंदा धान्य फक्त तीन आठवड्यांचे घेतले आहे. ओपुआहून फिजीपर्यंतच्या सुमारे एक हजार सागरी मैलांना आम्हाला आठ-नऊ दिवस लागतात, त्यामुळे एवढ्यात निभावेल आणि गाठीला थोडे उरेल. भेटीदाखल न्यायच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्याऐवजी मासे धरायचे गळ, वह्या आणि वाचण्याचे चष्मे घेतले आहेत. गावप्रमुखांना द्यायची यांगोना (ज्यापासून कावा पेय करतात ते मूळ) फिजीतच बाजारात घेऊ.

नाळेकडची आखलेली रेषा आता पाण्याच्या वर दिसते.

बिल्जमधल्या पाण्यासाठी वेगळा धागा काढायची गरज उरली नाही. नाळेतल्या बंकखालचा खण रिकामा झाल्यावर तिथे पहिल्यांदाच तळापर्यंत हात गेला. वेग मोजणाऱ्या यंत्राचे नळकांडे तिथेच तळातून बाहेर जाते. बोट पाण्यात उतरताच त्याच्या कडेने थेंब पाझरू लागले. मी बोट लावून चाखून पाहिले, खारट होते. रबराची कडी चिरली होती. कडीची किंमत काही डॉलर आणि बदलायला लागली वीस मिनिटे. आज संध्याकाळी बिल्ज कोरडा आहे, आणि तो खण आम्ही रिकामाच ठेवला आहे.